राजभवनाचे उघडे दार

बेंगळूरूत चार मराठी माणसे एकत्र बसली म्हणजे बोलणे दोन विषयांवर हमखास येते. एक बदली आणि दुसरा निवडणूक. बदलीच्या विषयास तोटा नाही, कारण आमच्यांपैकी निम्मे लोक केंद्र सरकारच्या कोणत्या ना कोणत्या खात्यात आहेत वा होते. निवडणुकीच्या विषयास तर खातेही लागत नाही. परवा अशाच एका बैठकीत आमचे एक स्नेही, हिशेबतपासणीच्या खात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालेले, मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "पंचाहत्तरी गाठलेला राज्यपाल राष्ट्रपतिपदास उभा राहील आणि निवडून येईल, हे होणे नाही. राजभवन म्हणजे वानप्रस्थाश्रम. तेथून पुढे फक्त संन्यास!" वाक्य चटकदार होते. मंडळींनी माना डोलावल्या, आणि चहा आला.

आम्हांस मात्र त्या वाक्याची मौज वाटली ती निराळ्या कारणासाठी. ज्या शहरात बसून ते उच्चारले गेले, त्या शहरानेच ते खोटे पाडले आहे. वराहगिरी वेंकटगिरी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९४ चा. उत्तर प्रदेश आणि केरळ येथील राजभवने पाहून झाल्यावर १९६५ च्या एप्रिलात ते म्हैसूरचे राज्यपाल म्हणून येथे आले, त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मार्क कबनने बांधलेल्या त्या प्रशस्त वास्तूत त्यांनी दोन वर्षे काढली. एखादा साधा माणूस असता तर तेवढ्यावर आयुष्याचे सार्थक मानून मद्रासला नातवंडांत जाऊन बसता. गिरी १९६७ च्या मे महिन्यात येथून निघाले ते थेट उपराष्ट्रपती होण्यासाठी. आणि १६ ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले, तेव्हा त्यांना पंचाहत्तर वर्षे पुरी होऊन सहा दिवस लोटले होते. निवडून आले ते तेच. त्या सामन्यातील प्रमुख तिघांत वयाने सर्वांत लहान होते नीलम संजीव रेड्डी, अवघे छप्पन वर्षांचे. हरले ते तेच.

स्नेह्यांचा यावर आक्षेप असा, की गिरी उपराष्ट्रपती होऊन मग राष्ट्रपती झाले, म्हणजे मध्ये एक जिना होता. असेना का! त्या जिन्याची पहिली पायरी कुठे होती हे तर खरे? आणि ज्यांना जिनाही लागला नाही असे लोक आहेतच. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राजस्थानच्या राजभवनातून आणि रामनाथ कोविंद २०१७ मध्ये बिहारच्या राजभवनातून सरळ राष्ट्रपतिभवनात गेले. डॉ. राजेंद्रप्रसादांपासून २०२२ साली निवडून आलेल्या द्रौपदी मुर्मू यांच्यापर्यंत पंधरा व्यक्ती राष्ट्रपती झाल्या. त्यांपैकी झाकिर हुसेन, गिरी, शंकर दयाळ शर्मा, प्रतिभाताई, कोविंद आणि मुर्मू अशा सहा जणांनी आधी कोणत्या ना कोणत्या राज्याचे राज्यपालपद भूषविले होते. वयाची गोष्ट तर बोलूच नये. वेंकटरामन्, नारायणन् आणि प्रणव मुखर्जी हे तिघेही निवडून आले तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. राज्यघटनेने या पदास पस्तीस वर्षांची खालची मर्यादा घातली आहे, वरची घातलेलीच नाही. कारकुनास साठाव्या वर्षी घरी पाठविणारे सरकार आपल्या प्रमुखास वय विचारत नाही, याबद्दल आम्हां निवृत्तांस थोडी असूया वाटल्यास ती क्षम्य मानावी.

म्हणजे म्हातारा राज्यपाल निवडून येऊ शकतो काय, हा प्रश्न इतिहासाने केव्हाच निकालात काढलेला आहे. येऊ शकतो. आमचा वाद त्यापुढचा आहे. त्याला तसे येऊ द्यावे काय?

पण त्याआधी १९६९ च्या त्या प्रसंगावर थोडे थांबणे भाग आहे. एक तर तो आमच्याच शहरात सुरू झाला, आणि दुसरे म्हणजे मराठी माणसाच्या मनात त्याविषयी एक हळवी जागा आहे. ती हळवी जागाच आम्हांस नीट विचार करू देत नाही. त्या वर्षी जुलैत लालबागेतील ग्लास हाउसमध्ये काँग्रेस महासमितीचे अधिवेशन भरले होते. ३ मे रोजी झाकिर हुसेन कालवश झाले होते आणि नवा राष्ट्रपती निवडायचा होता. अध्यक्षस्थानी याच राज्याचे निजलिंगप्पा. १२ जुलैस पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींचे मत डावलून रेड्डींचे नाव मुक्रर केले. आणि ज्यांच्या मतांनी ते झाले त्यांत दोन मराठी गृहस्थ होते, यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील. १६ तारखेस मोरारजींचे अर्थखाते गेले, १९ तारखेस चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही होती हंगामी राष्ट्रपती गिरी यांची, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा देऊन स्वतंत्र उमेदवार म्हणून शड्डू ठोकला. पुढे पंतप्रधानांनी विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याचे आवाहन केले आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार पक्षाच्याच मतांनी पडला.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. त्यांचे नाव घेतले की सरकारी नोकरीतला मराठी माणूस अजून किंचित ताठ बसतो, आणि ते योग्यच आहे. रायगड जिल्ह्यातला मुलगा १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला येतो, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होतो, देशाचा अर्थमंत्री होतो आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद टाकून देतो. वर मेघदूताचे मराठीत भाषांतर करण्याइतके संस्कृतही जवळ बाळगतो. असा दुसरा दाखवा! स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना उभे केले, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. आमचे स्नेही म्हणतात त्याप्रमाणे वृद्ध गव्हर्नर पडला खरा, पण तो बँकेचा गव्हर्नर होता!

आकडे पाहा. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. विजयास ४,१८,१६९ मते लागत होती, म्हणजे पहिल्या फेरीत कोणीच पार झाले नाही. मग दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींच्या पारड्यात पडली. तरीही अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. अंतर १४,६५० मतांचे. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे पुरते सव्वीस खासदारही नव्हेत, इतक्या थोडक्यात भारताच्या राष्ट्रपतिपदाचा निर्णय झाला.

या आकड्यांवरून आमच्याकडे एक कैफियत तयार झाली आहे. देशमुखांसारख्या विद्वानास डावलले, मराठी माणसास दिल्लीत कोणी वाली नाही, वगैरे. आमच्या मते ही कैफियत चुकीच्या न्यायालयात दाखल केलेली आहे. देशमुख पडले ते मराठी म्हणून नव्हे, आणि वयामुळे तर नव्हेच; त्यांच्यामागे जेवढ्या आमदार-खासदारांचे पक्ष होते तेवढी मते त्यांना मिळाली. राष्ट्रपतीची निवडणूक गुणांची नसते, गठ्ठ्यांची असते. १९९७ मध्ये शेषन् यांनाही हाच अनुभव आला. मंत्रिमंडळाचे सचिव, पुढे मुख्य निवडणूक आयुक्त, देशभर नाव दुमदुमलेले. शिवसेनेने पाठिंबाही दिला. आणि नारायणन् यांच्यापुढे ते कोठल्या कोठे उडून गेले. नारायणन् हेही मूळचे परराष्ट्रसेवेतले, पण त्यांच्यामागे जवळजवळ सारे पक्ष उभे होते. तेव्हा राज्यपाल निवडून येतो तो त्याच्या राज्यपालपदाच्या पुण्याईने येतो, असा कोणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. निवडून आणणारा पक्ष असतो. आणि वादाचे मूळ नेमके येथे आहे, कारण राज्यपालास नेमणाराही तोच असतो.

आमचे बहुतेक वाचक सरकारी नोकरीतले आहेत. त्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज पडू नये. ज्या अधिकाऱ्याची बढती टेबलावर आहे त्याच्या हातची टिप्पणी कशी असते, हे आपण आयुष्यभर पाहिले आहे. तो खोटे लिहीत नाही. तो फक्त एक विशेषण कमी करतो, एक परिच्छेद खाली सरकवितो, आणि 'आदेशार्थ सादर' असे लिहून पेन खाली ठेवतो. राज्यपालाच्या हातचे कागद याहून किती तरी वजनदार असतात. मुख्यमंत्री म्हणून कोणास बोलवावे, विधेयकास संमती द्यावी की ते राष्ट्रपतीसाठी राखून ठेवावे, राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालू शकत नाही असा अहवाल ३५६ व्या कलमाखाली पाठवावा की नाही, हे सारे त्याच्या लेखणीत असते. आणि त्याची स्वतःची नोकरी? १५६ व्या कलमान्वये राष्ट्रपतीची मर्जी असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी असेपर्यंत. आपल्या शिपायास काढायचे तर ३११ व्या कलमाप्रमाणे चौकशी करावी लागते. राज्यपालास ते संरक्षण नाही. एका बाजूस मर्जी जाण्याची भीती आणि दुसऱ्या बाजूस राष्ट्रपतिभवनाची आशा. अशा चिमट्यात धरलेल्या माणसाने निःपक्ष राहावे ही आपली अपेक्षा!

राज्यपाल त्या चिमट्यात नसतानाही काय होऊ शकते याचा दाखला शोधण्यास आम्हां बेंगळूरूकरांस दूर जावे लागत नाही. एप्रिल १९८९ मध्ये येथील राज्यपाल वेंकटसुब्बय्या यांनी बोम्मई मंत्रिमंडळाने बहुमत गमावल्याचा अहवाल दिल्लीस पाठविला. बोम्मई विधानसभेत बहुमत सिद्ध करण्यास तयार होते. ती संधी त्यांना मिळाली नाही आणि सरकार बरखास्त झाले. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले की बहुमताचा निवाडा सभागृहात व्हावा, राजभवनात नव्हे. वेंकटसुब्बय्या राष्ट्रपतिपदाच्या वाटेवर नव्हते. असते तर त्या अहवालाकडे आपण कोणत्या नजरेने पाहिले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. राष्ट्रपतीचे मतदार कोण? संसदेचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद. विधानसभा विसर्जित झाली की तिचे मत गेले. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली असताना हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाने मत दिले की एखादी विधानसभा अस्तित्वात नसली तरी राष्ट्रपतीची निवडणूक थांबत नाही. म्हणजे ज्याच्या अहवालावरून विधानसभा विसर्जित होऊ शकते, तोच गृहस्थ त्या विधानसभेच्या मतांचा उद्याचा याचक असू शकतो! असे घडले आहे असे आमचे म्हणणे नाही. १९७७ मध्ये नऊ विधानसभा एका फटक्यात विसर्जित केल्या गेल्या तेव्हा केंद्राने राज्यपालांचे अहवालदेखील मागविले नव्हते, आणि त्या कागदावर सही करण्यास हंगामी राष्ट्रपती बा. दा. जत्ती यांनी थोडी टाळाटाळ केली हे सर्वश्रुत आहे. (जत्ती जमखंडीकडचे, कोल्हापुरात शिकलेले, म्हणजे अर्धे आपलेच.) पण तीनच महिन्यांत राष्ट्रपतीची निवडणूक होती आणि नव्या विधानसभांचे सभासद तिचे मतदार ठरले. विधानसभा आणि राष्ट्रपतिपद यांचा धागा किती आखूड आहे हे त्यावरून दिसते.

आता घटनेकडे वळू. लाभाचे पद धारण करणाऱ्यास राष्ट्रपतिपदास उभे राहता येत नाही, असे ५८ वे कलम सांगते. पण त्या कलमास एक स्पष्टीकरण जोडलेले आहे: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांचे पद या कामापुरते लाभाचे मानू नये. म्हणजे राज्यपालाने राजीनामा न देताही अर्ज भरावा, कायद्याची हरकत नाही! आपल्या खात्यातील वरिष्ठ लिपिकास ग्रामपंचायतीस उभे राहायचे झाले तर वर्तणूक नियम आडवे येतात, आणि राजीनाम्याशिवाय गत्यंतर नसते. वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते; पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. का? तर खुर्चीवर असताना पुढच्या धन्याकडे डोळा लावून निर्णय घेतले जाऊ नयेत म्हणून. हे तत्त्व सेक्शन अधिकाऱ्यास समजते, घटनेच्या स्पष्टीकरणास समजत नाही.

सरकारिया आयोगास ते समजले होते, पण अर्धेच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयोगाने शिफारस केली की पद सोडल्यावर राज्यपालाने केंद्राखाली वा राज्याखाली दुसरे कोणतेही लाभाचे पद घेऊ नये, सक्रिय पक्षीय राजकारणात परतू नये, असा संकेत पाडावा. उत्तम! मात्र दोन अपवाद ठेवले. दुसऱ्यांदा राज्यपाल होणे, आणि उपराष्ट्रपती वा राष्ट्रपती म्हणून निवडून येणे. साऱ्या खिडक्या लावून घेतल्या, कड्या घातल्या आणि घराचे सर्वांत मोठे दार सताड उघडे टाकले. लहान मोह वर्ज्य आणि सर्वांत मोठा मोह मोकळा, हा कोणता न्याय? बरे, लावलेल्या खिडक्याही बंद राहिल्या नाहीत. आमचे सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आंध्रचे राज्यपालपद सोडून २००६ मध्ये केंद्रात मंत्री झाले, येथले एस. एम. कृष्णा मुंबईच्या राजभवनातून २००८ मध्ये परत राजकारणात आले आणि पुढल्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. या एका बाबतीत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात कसलाही वाद नाही.

याच राजभवनाची एक हकीकत फारशी कोणास आठवत नाही. गिरी येथून १९६७ मध्ये उपराष्ट्रपती होऊन गेले. त्यांच्या जागी गोपाळ स्वरूप पाठक आले. ते येथून १९६९ मध्ये निघाले ते कशासाठी? उपराष्ट्रपती होण्यासाठी! लागोपाठ दोन राज्यपाल एकाच गाडीने एकाच स्टेशनास रवाना झाले. पाठकांना पुढचे स्टेशन लाभले नाही, ही गोष्ट वेगळी. पण तेथे तिसरा राज्यपाल राहावयास आला असेल तेव्हा त्याने भिंतीवरील त्या दोन तसबिरींकडे पाहून काय मनात आणले असेल?

येथे प्रतिभाताईंचा विषय टाळून चालणार नाही, आणि तो आम्हांस जड जातो. २००७ च्या जुलैत त्या ६,३८,११६ मतांनी निवडून आल्या, तेव्हा आम्ही या शहरात पेढे वाटले आहेत. शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठी म्हणून त्यांना मते दिली, ते वाचून आमचे डोळे ओले झाले होते. पण एक गोष्ट त्या आनंदात नजरेआड झाली. २००६ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल या नात्याने त्यांनी तेथील सरकारचे धर्मस्वातंत्र्य विधेयक परत पाठविले होते. तो निर्णय आमच्या मते योग्य होता; व्यक्तिस्वातंत्र्याची चाड असणाऱ्या कोणाही राज्यपालाने तसेच करावे. परंतु वर्षभरात त्या दिल्लीतील सत्तारूढ आघाडीच्या उमेदवार झाल्या, आणि त्या निर्णयाविरुद्ध बोलणाऱ्यांस आयते हत्यार मिळाले: 'पाहा, कशासाठी परत पाठविले ते!' हा आरोप खोटा आहे असे आम्ही मानतो. पण तो खोटा आहे हे सिद्ध कसे करणार? पुढे मिळालेल्या पदाने मागच्या प्रामाणिक सहीवर संशयाची शाई सांडते, आणि ती कोणत्याही टीपकागदाने टिपता येत नाही. म्हणून हे दार बंद करण्यात लबाड राज्यपालांपेक्षा प्रामाणिक राज्यपालांचेच हित अधिक आहे.

याविरुद्ध सांगितले जाते की राज्यपालपदाचा अनुभव राष्ट्रपतीस उपयोगी पडतो. दोन्ही पदे घटनात्मक, दोन्हींचा शिष्टाचार सारखा. अनुभव उपयोगी पडतो यात शंका नाही. सरन्यायाधीशाचाही पडेल. पण १९६७ मध्ये सुब्बाराव सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा सुज्ञ लोक अस्वस्थ झाले होतेच, आणि तेथे तर उमेदवारी विरोधी पक्षांची होती. नेमणाऱ्यांच्या मर्जीचा संबंध नव्हता. दुसरा बचाव असा, की राज्यपाल उभे राहण्यापूर्वी राजीनामा देतातच. देतात. कोविंद यांचे नाव जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा मंजूर झाला. एका दिवसाचा हा सोवळेपणा आम्हांस पुरेसा वाटत नाही. उमेदवारीची बोलणी राजीनाम्याच्या आधी होतात, आणि आशा तर त्याच्याही फार आधी जन्मते. आशेचे काय होते ते २००२ मध्ये मुंबईत दिसले. महाराष्ट्राचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर, वय एक्याऐंशी, यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले, काँग्रेसच्या विरोधामुळे मागे पडले, आणि कलाम यांची निवड झाली. अलेक्झांडर मुरलेले सनदी अधिकारी. त्यांनी कामात कसूर केली असे कोणी म्हणत नाही. पण ज्या काँग्रेसने त्यांना अडविले तिच्याच मुख्यमंत्र्यांचे सरकार त्या वेळी मुंबईत होते, आणि त्या सरकारचे घटनात्मक प्रमुख तेच होते. ते दिवस उभय पक्षी किती अवघडलेले गेले असतील!

आमची मागणी साधी आहे. ५८ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातून 'राज्यपाल' हा शब्द काढावा, उपराष्ट्रपतिपदाच्या कलमातूनही काढावा, आणि राज्यपालपद सोडल्यापासून पाच वर्षे या दोन्ही पदांस उभे राहता येणार नाही अशी तरतूद करावी. पाचच का? लोकसभेची मुदत पाच वर्षांची आहे; तेवढ्या अवधीत राज्यपालास नेमणाऱ्या सरकारला एकदा तरी मतदारांपुढे जावे लागते. हा नियम आधीपासून असता तर वर सांगितलेली सहाही नावे त्या त्या वेळी गळली असती, हे आम्ही लपवीत नाही. गिरी गळले असते आणि प्रतिभाताईही गळल्या असत्या. चिंतामणराव मात्र उभे राहू शकले असते, कारण बँकेच्या गव्हर्नरास कोणाचे मंत्रिमंडळ बरखास्त करता येत नाही.

हे सारे आम्ही स्नेह्यांस सांगितले तेव्हा त्यांनी हिशेबतपासनिसाच्या सवयीने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच शेरा मारला: "म्हणजे २००७ चे पेढे वसुलीस पात्र?" आम्ही सांगितले की ते मुदतबाह्य झाले आहेत. परंतु पुढच्या निवडणुकीत एखादा मराठी राज्यपाल उभा राहिला तर मंडळाच्या वर्गणीतून पेढे आणण्याच्या ठरावास आम्ही लेखी विरोध नोंदविणार आहोत, आणि तो त्यांनी कार्यवृत्तात घ्यावा.